न्हाणीची कडी

येन्सबद्दल दमयंतीची तक्रार एकच होती, की तो गुणी होता.

वांड असता तर तिने त्याला चार दिवसांत सरळ केला असता. आळशी असता तर चाललंच असतं, आळशी पुरुषांचा तिला लग्नापासूनचा सराव होता. पण सकाळी डोळे उघडल्यापासून "आई, मी काय मदत करू?" असं विचारत मागे मागे फिरणारा साडेसहा फुटांचा गोरा माणूस घरात असला की बाईने काय करायचं, हे तिला माहेरी कोणी शिकवलं नव्हतं आणि सासरी शिकवण्याजोगं कोणी नव्हतं.

झालं होतं असं, की दमयंतीच्या नवऱ्याचं, आत्माराम धनावड्यांचं, रत्नागिरीत लोखंडी सामानाचं दुकान. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिळे. दुकानामुळे ते शहरातल्या एका क्लबात जाऊ लागले, आणि क्लबाने एके दिवशी टूम काढली, की आपला एक मुलगा वर्षभर परदेशी शिकायला पाठवायचा आणि त्या बदल्यात तिकडचा एक आपल्या घरी ठेवून घ्यायचा. कोण तयार आहे? चहाबरोबर बटाटेवडे होते. आत्मारामांनी आणखी एका वड्यासाठी हात वर केला, आणि टाळ्या वाजल्या. असं आपलं दमयंती सांगे. आत्मारामांचं म्हणणं वेगळं होतं, पण ते कोण ऐकतो. एवढं खरं, की पंचाऐंशी सालच्या पावसाळ्यात त्यांचा सदू डेन्मार्कला येन्सच्या घरी गेला, आणि येन्स आरे-वारेच्या बाजूला धनावड्यांच्या वाडीत येऊन दाखल झाला.

हात वर केला आत्मारामांनी. पण ते सकाळच्या एस्टीने दुकानात जात आणि दिवेलागणीच्या एस्टीने परत येत. येन्सचं कॉलेज सकाळचं, आणि ते सुद्धा चालू कमी, बंद जास्त. म्हणजे उरलेला सगळा येन्स दमयंतीच्या वाट्याला.

पहिली ओळख त्याची दारांशी झाली. आपल्याकडची दारं बुटकी, आत येणाऱ्याने देवाला वाकावं तसं वाकूनच यायचं. येन्सला ते रोज सांगावं लागे आणि तो रोज, कपाळ चोळत, "हो, बरोबर" म्हणे. मधल्या दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं की असा आवाज होई, की माडावरचे कावळे उठून पार समुद्रापर्यंत जाऊन येत. शेजारची सखू त्या आवाजावर दुपारच्या भाताचं आधण ठेवी. एकदा तो तापाने निजून राहिला, तर त्या दिवशी अर्धी वाडी उपाशी.

मग श्रावणात दमयंती देवळात गेलेली असताना त्याने स्वयंपाकघराची जमीन धुतली. शेणाने सारवलेली जमीन. साबण लावून, काथ्याने घासून.

"आई, फार घाण होती," तो कोपरापर्यंत माखलेले हात दाखवत म्हणाला. "मी काढली, पण खालून आणखी येते."

"अरे, खालून येणार नाही तर काय! खाली पृथ्वी आहे!"

ती जमीन दसऱ्यापर्यंत वाळली नाही. जेवायला पाट मांडले की ते हळूहळू खाली जात. आमटीभाताला जी माणसं एका उंचीची असत ती ताकभातापर्यंत वीतभर बुटकी होत.

त्यानंतर त्याने डालग्याखाली अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीची सुटका केली. का, तर ती अडकली होती. एकेका मदतीनंतर दमयंती कपाळाला हात लावून बसे, आणि येन्स तिच्यासाठी पाणी घेऊन येई. तिला त्याच्यावर धड ओरडताही येत नसे. ओरडायला तोंड उघडलं की समोर पाण्याचा तांब्या.

"अगो, सोन्यासारखा पोरगा आहे," आत्माराम रात्री जेवताना म्हणत. "आपल्या सदूने कधी स्वतः उठून पाणी घेतलंय?"

"तेच म्हणते मी! तो तिकडे पाय पसरून बसला असेल आणि 'आई, पाणी' म्हणून ओरडत असेल. त्या बाईने काय पाप केलंय? तिला हा गेला आणि तो मिळाला. आणि मला सोन्यासारखा! न्हाणीची कडी आणलीत?"

"उद्या आणतो."

ही न्हाणीची कडी म्हणजे दमयंतीच्या संसारातलं दुसरं दुखणं, येन्सच्याही आधीचं. न्हाणीघराच्या दाराची कडी कोयंड्यातून निखळली होती त्याला दोन गणपती होऊन गेले. ज्या माणसाच्या दुकानातल्या कड्यांनी राजापूरपासून चिपळूणपर्यंतची दारं लागत होती, त्याच्या घरच्या बाईला आतून दाराला पाण्याने भरलेली बादली टेकवून अंघोळ करावी लागे. शिवाय आत कोणी आहे हे कळावं म्हणून तोंडाने आरती म्हणावी लागे, ती मोठ्याने. सखूला कुंपणापलीकडून नुसत्या कडव्यावरून कळे, की वहिनींचं अजून अंग चोळून झालेलं नाही.

"उद्या," आत्माराम म्हणत आणि ताक मागत.

आता नारळाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

येन्स आला तेव्हा नारळाला हात लावत नसे. आवारात माडाखाली पडलेला नारळ ओलांडून तो रिकाम्या हाताने घरात येई. त्याच्या देशात म्हणे दुसऱ्याच्या झाडाखालचं फळ उचललं तर तो चोर. एकदा दमयंती पाहते तर माडाखाली नारळ पडलेत आणि हा दादा त्यांच्यामध्ये पुस्तक वाचत बसलाय.

"अरे, नारळ दिसत नाहीत तुला?"

"दिसतात, आई. माझे नाहीत."

"माझे नाहीत काय? तू या घरचा ना? मग हे बघ, आपल्या गडग्याच्या आत, दगडी कुंपणाच्या आत, नारळ दिसला, की कोणाला विचारायचं नाही. उचलायचा, स्वच्छ करायचा आणि स्वयंपाकघरात आणून ठेवायचा. जमिनीवरचा नारळ फुकट घालवायचा नाही. कळलं?"

"कळलं, आई."

त्याला सांगितलेलं कळे, हाच घोटाळा होता. त्या दिवसापासून आवारात नारळ पडायचा अवकाश, येन्स हजर. काही नारळांना तर जमीन बघायलाही मिळाली नाही.

असा फाल्गुन उजाडला आणि शिमगा आला. त्या वर्षी खुणेचा मान धनावड्यांच्या घराचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळाबाहेर पडते, वाडीवाडीतून नाचते. त्यातल्या एका दिवशी पालखी खूण काढते. म्हणजे काय, तर ज्या घराचा मान, त्या घरच्या पुरुषाने पहाटे कोणाला कळू न देता गावाच्या शिवेत कुठेतरी एक नारळ पुरायचा. देवळातल्या गुरवाने त्या नारळाच्या शेंडीला लाल-पिवळा दोरा बांधून द्यायचा. दुपारी ढोल वाजले की खांदेकरी पालखी उचलतात आणि देवी त्यांना ओढून नेईल तिकडे जातात. पालखी नेमकी जागेवर थांबते, झुकते. उकरलं की नारळ. मग गुलाल, फाका म्हणजे आरोळ्या, आणि वर्ष सुखाचं.

आणि नाही सापडला तर? तर त्या घराचा मान गेला. एका वर्षाचा नव्हे, कायमचा, पाळीतल्या पुढच्या घराला. खालच्या वाडीतल्या एका घराची खूण कोणे एके काळी चुकली होती. त्या घरातल्या मुलींना स्थळं येतात तेव्हा अजून कोणीतरी हळूच सांगतं, "घर चांगलं हाय, पण खूणचुके ते."

पाळीत पुढचं घर श्रीपती घवाळ्यांचं. त्यांचा गडगा धनावड्यांच्या गडग्याला लागून आणि त्यांचा डोळा धनावड्यांच्या मानावर. देवळातल्या बैठकीत त्यांनी मिशीला पीळ देत सुरू केलं.

"घरचा पोरगा समुद्रापलीकडे आणि घरात गोरा. पालखीला मानाच्या घरचा खांदा लागतो. कोण देणार? आत्मारामाच्या गुडघ्यात तर देशी दारूइतकंही पाणी उरलं नाय."

सगळे हसले. आत्मारामही हसले, मग लक्षात आल्यावर थांबले. केरू गुरव मात्र पानाची पिंक टाकून आला आणि म्हणाला,

"श्रीपतीशेट, जो धनावड्यांच्या घरात जेवतो, वयनींना आई म्हणतो आणि त्यांच्याच चौकटीवर रोज डोस्का आपटतो, तो घरचा नाय तर काय तुमच्या घरचा? पोरगा खांदा देईल."

दमयंतीला हे समजलं तेव्हापासून ती धास्तीत होती. मान तिला नको होता असं नाही. हवाच होता. पण उद्या काही चुकलं तर कोणाचं नाव येणार, हे तिला लख्ख दिसत होतं. आत्मारामांचं नव्हे. लोक म्हणणार, पोरगा समुद्र ओलांडून गेला आणि गोरा देवीच्या पालखीला शिवला, म्हणून देवी रुसली. सदू परत येईल तेव्हा त्याला वाडीत मान खाली घालून चालावं लागेल. आणि हा दुसरा, त्याला तर मान खाली घालायची सवयच नाही.

खुणेच्या दिवशी आत्माराम पहाटे नारळ आणि कुदळ घेऊन गेले आणि न्हाऊन-धुऊन अशा चेहऱ्याने ओटीवर बसले, की जसा काही राज्याचा खजिना त्यांनीच लपवलाय. दमयंतीला तिकडे बघायला वेळ नव्हता. मानाच्या घरी खांदेकऱ्यांचं दुपारचं जेवण असतं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भात. चुलीवर तीन भांडी, अंगावर घामाच्या धारा, आणि पाठीमागे येन्स.

"आई, मी काय मदत करू?"

"तू? तू बाहेर जा. झाडांना पाणी घाल. कुठल्याही झाडाला घाल."

तो गेला. चांगला तासभर गेला. मग मागच्या बाजूला कसलीशी खुडबुड ऐकू आली आणि त्याने दारातून डोकं घातलं. कावळे उडाले.

"आई, न्हाणी आता बंद होते."

"हं हं. बरं झालं," दमयंती वाटण वाटत म्हणाली. तो काय म्हणाला हे तिच्या कानांनी ऐकलं, डोक्याने नाही. "अरे देवा, वाटण कमी पडतंय. येन्सा, एक नारळ दे बघू, पटकन."

तिचं वाक्य संपायच्या आत तिच्या हातात नारळ होता. सोललेला, धुतलेला, शेंडी सुद्धा विंचरल्यासारखी. तिने फोडला, त्याने खवला, आणि दोन्ही करवंट्या नेहमीप्रमाणे न्हाणीतल्या चुलीशी नेऊन ठेवल्या, आणि येताना दार पुन्हा लावून घेतलं. नारळ मधासारखा गोड निघाला. दमयंती मनात म्हणाली सुद्धा, की हा पोरगा आज पहिल्यांदा धड उपयोगी पडला.

बारा वाजता पंगत बसली. खांदेकरी, केरू गुरव, आणि गावकीतले म्हणून श्रीपती घवाळी. आमटी अशी काही जमली होती, की महिपत खांदेकऱ्याने वडे बाजूला सारून वाटीच तोंडाला लावली. श्रीपतीशेटांनी नाक मुरडत पहिली वाटी घेतली, नाक न मुरडता दुसरी, आणि तिसरी तर स्वतः हात लांब करून.

"वहिनी, वाटण काय घातलंत?"

"नेहमीचंच हो, भावोजी."

पंगत उठता उठता आत्माराम स्वयंपाकघरात आले. गुपित पोटात ठेवायचं असतं, पण त्यांच्या पोटात त्या दिवशी वड्यांमुळे जागा नव्हती.

"अगो," ते तिच्या कानाशी म्हणाले, "कुठे पुरलाय सांगू? श्रीपती आठवडाभर माळावर आणि विहिरीकडे डोळे लावून बसलाय. आणि मी? आपल्याच आवारात! मागच्या फणसाखाली, गडग्याला लागून. माणूस आपल्याच घरात पुरेल असं कोणाला वाटेल?"

आणि हसू दाबत ते गेले. दमयंतीलाही हसू आलं. तिने मागच्या दारातून फणसाकडे पाहिलं. शेजारी येन्स भांडी विसळत होता. तिची नजर बघून तो म्हणाला,

"आई, तो नारळ तिथे होता."

"कुठला नारळ?"

"आमटीचा. त्या झाडाखाली. पुरलेला होता, पण केस वर दिसत होते. मी स्वच्छ केला. माती परत सारखी केली." मग जरा विचार करून, "आमच्याकडे खारी हिवाळ्यासाठी दाणे पुरून ठेवतात. आणि विसरतात. तुमच्याकडची खार फार मोठी असणार."

दमयंती पाटावर बसली. बसली म्हणजे काय, पाट होता म्हणून पाटावर, नसता तरी बसलीच असती. येन्स पाणी घेऊन आला.

"मला पाणी नको!" ती कुजबुजत ओरडली. कुजबुजत ओरडणं कठीण असतं, पण तिला सात महिन्यांत ते साधलं होतं. "तुला कोणी... अरे, तुला नारळ उचलायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही, आई. आपल्या गडग्याच्या आत. उचलायचा, स्वच्छ करायचा आणि स्वयंपाकघरात आणून ठेवायचा."

तिने त्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, तो त्याच्या कमरेपर्यंतच पोचला.

बाहेर ढोलावर थाप पडली. आता काय करायचं? नवऱ्याला सांगावं तर तो तिथेच कोसळेल आणि सगळ्या गावाला कळेल. ती उठली, कोपऱ्यातला दुसरा नारळ पदराखाली घेतला आणि मागच्या दाराने फणसाकडे निघाली. दोरा नसला तर नसो, निदान जमिनीत नारळ तरी असेल. देवीसमोर लबाडी होती, तिला कळत होतं. पण दोन पोरांची नावं वाचवायची तर देवीची माफी नंतर मागता आली असती, गावाची मागता आली नसती.

फणसाच्या बुंध्याला टेकून, पाय पसरून, श्रीपतीशेट विडी ओढत बसले होते.

"या वहिनी. तुमच्या फणसाची सावली मात्र झकास. तिसरी वाटी जरा जड झाली." त्यांनी डोळे बारीक केले. "पदराखाली काय?"

"नारळ. सोलायला नेत होते."

"सोललेलाच दिसतोय की."

"मग परत नेते," दमयंती म्हणाली आणि परत फिरली.

पालखी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आली. देवीच्या रुप्याच्या मुखवट्यांवर ऊन चमकत होतं, गुलाल उडत होता, पोरं फाका मारत होती. पुढच्या दांडीला एका बाजूला महिपत आणि दुसऱ्या बाजूला येन्स. धोतर आत्मारामांचं, त्यामुळे गुडघ्यापर्यंतच. पालखी उचलली तशी ती अशी काही तिरकी झाली, की केरूने मुखवट्यांना हात दिला नसता तर देवी महिपतच्या मांडीवर आली असती. शेवटी येन्स गुडघ्यांत वाकून चालू लागला आणि महिपत टाचा उचलून.

पालखी माळावर गेली. थांबली नाही. विहिरीला वळसा घातला, तिथेही थांबली नाही. दमयंती सगळ्यांच्या मागून चालत होती आणि मनात म्हणत होती, आई, तू आज चुकून शेजारच्या गावात जा. पालखी देवी चालवते हे तर खरंच. पण मानकरी आत्माराम पुढे चालले होते, आणि त्यांचे डोळे दर चार पावलांना फणसाकडे असे काही पळत होते, की देवीला न बघून चाललं नसतं. पालखी वळली. गडग्याच्या आत शिरली. थेट फणसाखाली येऊन थांबली आणि झुकली. एकदा नाही, तीनदा.

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

आत्मारामांनी विजयाने श्रीपतीकडे पाहिलं, कुदळ घेतली आणि उकरलं. माती. आणखी उकरलं. आणखी माती. हाताने उकरलं, मुळं लागली. मुळांखाली उकरलं. ढोल हळूहळू थांबला. आत्मारामांचा चेहरा असा पांढरा पडला, की क्षणभर येन्स आणि ते सख्खे बापलेक वाटले.

"नाय?" श्रीपतीशेट मऊ आवाजात म्हणाले. "नाय ना सापडत? देवी जागा दाखवते आणि जागेवर काय नाय, याचा अर्थ काय, गुरव? घरात काय खोट हाय का, बघा बाबा. परकं माणूस पालखीला लावलं की..."

सगळ्यांचे डोळे येन्सकडे वळले. आणि दमयंतीला दिसलं, की पोराला कळलं. खारीबिरीचं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं आणि काय झालंय ते उमगलं. त्याचे कान लाल झाले. तिने डोळे वटारले, मान हलवली, ओठावर बोट ठेवलं. गप्प बस, बाबा. आयुष्यात एकदा काही करू नको.

पण चूक झाली की ती तिथल्या तिथे निस्तरायची, हे त्याच्या हाडात होतं. आमटी परत आणता येण्यासारखी नव्हती, पण करवंट्या होत्या. तो त्या आणायला निघाला. खांद्यावर पालखी आहे हे तो साफ विसरला.

साडेसहा फुटांचा माणूस ताठ उभा राहून लांब ढांगा टाकत निघाला की पालखीला दुसरा मार्ग उरत नाही. महिपतचे पाय जमिनीवरून सुटले. मागचे खांदेकरी ओढले गेले. "आली रे, देवी आली!" कोणीतरी ओरडलं आणि ढोल असा वाजू लागला, की तो मालगुंडपर्यंत ऐकू गेला असं मालगुंडचे लोक अजून सांगतात. पालखी खळ्यातून सुसाट, मागच्या अंगणातून सुसाट, थेट न्हाणीघराकडे. वाटेत भांडी, बादली, कोंबडी, जे आलं ते बाजूला. न्हाणीच्या दारासमोर येन्सला समोर चौकट दिसली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच तो आपटण्याच्या आधी वाकला. त्याच्याबरोबर पालखी वाकली. पार जमिनीपर्यंत.

ढोल थांबला. पालखीसमोर न्हाणीचं बंद दार. दोन गणपती न लागलेलं दार लागलेलं होतं. निखळलेली कडी बाहेरच्या अंगाला आणून कोयंड्याला लाल-पिवळ्या दोऱ्याने व्यवस्थित, गाठ मारून, आवळून बांधलेली होती.

केरू गुरव पुढे झाला. दोरा हाताने चाचपला. डोळ्यांशी नेला.

"माझी गाठ नाय ही," तो म्हणाला. "पण दोरा माझा. देवळातला. नारळाच्या शेंडीचा."

"दोरा म्हणजे खूण नव्हे!" श्रीपतीशेट मागून धापा टाकत आले. "खूण म्हणजे नारळ. नारळ कुठे हाय? नारळ दाखवा, नायतर मान सोडा."

येन्सने तोंड उघडलं. दमयंतीने त्याच्या आधी उघडलं. इतके महिने गिळलेला सगळा वैताग तिच्या तोंडाशी आला होता, आणि तो आता नवऱ्यावर, पोरावर, कोंबडीवर असा वाटत बसण्यापेक्षा एकाच माणसावर ओतावा असं तिला वाटलं.

"नारळ हवा, भावोजी? देते की. माझ्या पोराला तो आवारात सापडला. त्याने तो मला आणून दिला, मीच त्याला तसं शिकवलं होतं. चूक म्हणाल तर माझी. त्याचं वाटण मी आमटीत घातलं. आता तुम्हीच सांगा गावाला, आमटी कोणी कोणी खाल्ली? महिपतने एक वाटी. गुरवांनी दोन. आणि हात लांब करकरून तिसरी वाटी कोणी मागितली? वाटण काय घातलंत, हे कोणी विचारलं?"

श्रीपतीशेटांचा हात नकळत पोटावर गेला.

"करवंट्या आत आहेत," येन्स म्हणाला. "दोन. स्वच्छ आहेत."

कोणीतरी फिस्स करून हसलं. मग महिपत हसला, मग पालखीच हलू लागली. केरू गुरव मात्र हसला नाही. त्याने डोळे मिटले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बाय माझे आई! आज तुझी खूण धनावड्यांच्या घरात गावली. दोरा दाराला गावला..."

"व्हय म्हाराजा!"

"करवंट्या चुलीशी गावल्या..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि बाकीची खूण आमच्या श्रीपतीशेटांच्या पोटात गावली. ती तिथं सुखानं जिरू दे, आणि त्यांच्या मनात काय वाकडा असंल ता पण जिरू दे!"

"व्हय म्हाराजा!" हा शेवटचा होकार इतका मोठा होता, की त्यात श्रीपतीशेटांचाही आवाज मिसळला असं पुष्कळांनी शपथेवर सांगितलं. मान राहिला. आत्मारामांना कोणीतरी कांदा हुंगवला. गुलालाने येन्स गोऱ्याचा गुलाबी झाला, आणि तो रंग जायला वैशाख उजाडला.

दमयंतीने रात्री अंग टाकलं तेव्हा तिला वाटलं, की आता तरी आपला वैताग संपला.

दुसऱ्या दिवशी आत्माराम संध्याकाळच्या एस्टीने आले ते कागदात गुंडाळलेली पितळी कडी घेऊन. न सांगता, न ओरडता, स्वतः होऊन. "अगो, कडी!" दमयंतीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी पेचकस घेतला, न्हाणीच्या दाराशी गेले, आणि तिथे केरू गुरव उदबत्ती लावत होता.

"शेट, हात नाय लावायचा. देवीची खूण हाय ती. आता पुढच्या शिमग्यापर्यंत दोरा सोडायचा नाय. दार वाईच ढकलून आत जावा, पण कडीला हात नको."

"वर्षभर?" दमयंती म्हणाली.

"वर्षभर. देवीपुढं काय बोलणार, वयनी?"

आत्माराम हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे, देवीपुढे काय बोलणार," आणि नवी कडी परत कागदात गुंडाळताना त्यांना झालेला आनंद काही लपला नाही.

मग सुरू झालं ते न सांगण्यासारखं. दार ढकलून ढकलून कोयंडा आता एवढा सैल झाला, की दार दोऱ्यासकट उघडे आणि दोऱ्यासकट बंद होई. वाडीतल्या बाया हळदकुंकू घेऊन येऊ लागल्या. देवरूखहून कोणाची तरी आत्या खास आली. दमयंती आत आरती म्हणत अंघोळ करी, आणि बाहेर उभ्या असलेल्या बाया भक्तिभावाने तिच्या आरतीला टाळ्यांचा ठेका धरीत.

"वयनी, आटपा वो," सखू बाहेरून ओरडे. "दाराची ओटी भरायची हाय. उन्हं चढली!"

अशाच एका सकाळी ती ओल्या केसांनी, कपाळाला आठ्या घालून न्हाणीतून बाहेर आली, तर दारात नैवेद्याची वाटी, पलीकडे हात जोडलेल्या चार बाया, आणि त्यांच्या डोक्यांच्या वर येन्सचं डोकं.

"आई, मी काय मदत करू?"

"काही करू नको!" दमयंती म्हणाली, आणि ह्या वेळी कुजबुजली नाही. "कशाला हात लावू नको, काही उचलू नको, काही धुऊ नको. ओटीवर जा आणि नुसता बस. आमच्या सदूसारखा बस!"

सांगितलेलं त्याला कळे, हे मघाशी सांगितलंच. तो ओटीवर गेला. पाय पसरून बसला. दमयंतीने केस झटकले आणि कितीतरी महिन्यांनी एक निवांत श्वास घेतला.

"आई!" ओटीवरून हाक आली. "पाणी!"